राहेलबाई कोणत्या गावच्या

सन १९३१ च्या एप्रिल महिन्याच्या सतराव्या तारखेस, शुक्रवारी, सकाळी नऊ वाजता, नगर जिल्ह्याच्या उत्तरेकडील मोहरगाव आणि टाकेवण या दोन गावांच्या शिवेवर, खारी नावाच्या कोरड्या ओढ्यात, रेव्हरंड पिंकनी साहेबांच्या अध्यक्षतेखाली उभय मंडळ्यांच्या पंचांची सभा भरली. सभेपुढे विषय एकच होता : राहेलबाई नावाची सत्तर वर्षांची अंध विधवा कोणत्या गावची, आणि तिला पोसण्याचे कर्तव्य कोणत्या गावच्या ख्रिस्ती मंडळीवर पडते.

ही दोन्ही वाक्ये मी त्या दिवशीच्या इतिवृत्तातून जशीच्या तशी उतरवली आहेत. ती माझीच आहेत. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा, मोहरगाव मंडळीचा चिटणीस होतो, आणि तारीख, वार, वेळ, स्थळ व अध्यक्ष एवढे सगळे एका वाक्यात बसवता आले की त्या दिवशी मला जेवण गोड लागे.

ओढ्याच्या मधोमध शाळेतले टेबल मांडले होते. साहेब त्याच्या टोकाशी घडीच्या खुर्चीवर बसले होते. उत्तरेच्या काठावर आमचे पंच, मी धरून पाच, दक्षिणेच्या काठावर टाकेवणचे पाच. राहेलबाई बहिरू गाडीवानाच्या बैलगाडीत, गाठोड्याला टेकून बसल्या होत्या. बैल टाकेवणच्या हद्दीत होते आणि गाडी मोहरगावच्या.

"साहेब," बहिरू म्हणाला, "गाडी पुढं घेऊ का मागं?"

"तेच ठरवावयाचे आहे, बहिरू," साहेब म्हणाले. "थांब."

"थांबतो. पण सोमवारपास्नं ही तिसरी खेप हाय. बैलांना तरी सांगा कुठल्या गावचं ते."

ही वेळ कशी आली, ते सांगणे भाग आहे. त्या वर्षी उपवासकाळात साहेबांनी दर बुधवारी एक व्याख्यान दिले. त्यांतले एक त्यांच्या आजोबांवर होते. आजोबा विलायतेत एका लहानशा पॅरिशमध्ये, म्हणजे एका देवळाखालच्या गावात, गरिबांचे कारभारी होते. त्या देशात पूर्वी प्रत्येक पॅरिशने आपापले गरीब पोसावे असा कायदा होता, आणि त्यासाठी दरसाल गावातल्याच घरमालकांतून बिनपगारी कारभारी नेमले जात. कारभाऱ्याचे पहिले काम गरिबाला अन्न देणे नव्हे, तो गरीब आपला आहे की परका हे ठरवणे. माणूस आपला ठरे तो जन्माने. बाई असली तर नवऱ्यावरून. किंवा एका धन्याकडे सलग एक वर्ष चाकरी भरली तर चाकरीने. परका ठरला की त्याला कागदासह गाडीत घालून त्याच्या गावी धाडत. तिथल्या कारभाऱ्यांना तो आपला वाटला नाही की ते परत धाडत. धनी लोक गड्याला वर्ष भरायला आठ दिवस उरले की घरी बसवत, म्हणजे तो गावाच्या गळ्यात पडत नसे. आणि एखादी परकी बाई दिवस भरत आलेली दिसली, तर कारभारी तिच्या हातावर चार नाणी ठेवून तिला शिवेपलीकडे नेऊन सोडत, म्हणजे मूल तिकडच्या हिशेबी जन्मे.

"माझ्या आजोबांनी हे तीन वेळा केले," साहेब म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला. "त्यांनी ते स्वहस्ते लिहून ठेवले आहे."

आम्हांला ती स्तुती वाटली. हे पद त्या देशातही चार वर्षांपूर्वी कायमचे बंद झाले, असे साहेबांनी शेवटी दोनदा सांगितले. माझ्या टिपणवहीत त्या व्याख्यानाची सात पाने आहेत. हे वाक्य त्यांत नाही.

पुढच्याच आठवड्यात साहेब दौऱ्यावर गेले आणि रविवारी गमलिएल रणनवरे यांनी स्वतःस मोहरगाव मंडळीचे गरिबांचे कारभारी नेमून घेतले. गमलिएलभाऊ हे मंडळीतले मोठे शेतकरी. त्यांनी तांबडा पट्टा शिवून घेतला, त्यावर पितळी बिल्ला लावला, आणि विचारले, "चिटणीस, आपल्याकडं परकं कोण आहे?"

प्रश्न अगदीच रिकामपणाचा नव्हता. कापणीच्या सणाला लोक देवळात धान्य आणून वाहत, ते एका कणगीत साठवून अकरा गरिबांना आठवड्याच्या आठवड्याला वाटले जाई. त्या साली पाऊस ओढला होता आणि कणगी अर्ध्यावर आली होती. परका शोधून काढण्याचे श्रेय मात्र सर्वस्वी माझे आहे.

राहेलबाई दोन्ही गावांच्या सुईण. नवरा योहान देवळाची घंटा वाजवी. तो वारल्यावर त्या घंटेमागच्या खोपटात एकट्या राहत. मोतीबिंदूने डोळे गेले आणि हातचे काम सुटले. आठवड्याला पायलीभर ज्वारी आणि ते खोपट, एवढ्यावर त्यांचे चालले होते. त्या टाकेवणच्या ठरल्या तर दोन्ही जाणार होती. टाकेवणात त्यांना शाळेच्या ओट्यावर पडावे लागले असते, आणि खोपट गमलिएलभाऊंना कचेरीसाठी हवे होते. गरिबांच्या कारभाऱ्याला कचेरी नको काय?

सोमवारी मी त्यांना गाडीतून टाकेवणला धाडले, सोबत पत्र दिले, "सदर बाई आपली असल्याने पाठवीत आहोत." बुधवारी त्या परत आल्या; सोबत पत्र होते, "सदर बाई आपलीच असल्याने परत पाठवीत आहोत." साहेब दौऱ्यावरून परतले ते या दोन पत्रांपुढे. त्यांनी ती वाचली आणि शुक्रवारी शिवेवर तपासणी ठेवली.

राहेलबाईंचा हात पवित्र शास्त्रावर ठेवण्यात आला.

"नाव?" साहेबांनी विचारले.

"आता नाव काय विचारता, साहेब? दर रविवारी सलाम घेता माझा."

"हे शपथेवर आहे, बाई."

"मग शपथेवर राहेल."

मी उठलो. माझ्यापाशी अकरा पानांचे निवेदन होते. उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून मी माझी खुर्ची टेबलाच्या दक्षिणेस, पांढऱ्या दगडाजवळच्या बाभळीच्या सावलीत घेतली होती. टाकेवणचे चिटणीस मोशे त्रिभुवन यांनी मी त्यांच्या हद्दीत उभा असल्याची हरकत घेतली. ती नोंदवून मी वाचू लागलो.

"बाईचे गाव नवऱ्यावरून ठरते. नवरा योहान मूळचा मोहरगावचा नव्हे. तो दुष्काळात परांड्याकडून आला. अतएव त्याचे गाव चाकरीने सिद्ध झाले पाहिजे. त्याने बावीस वर्षे घंटा वाजवली, हे निर्विवाद आहे. परंतु हजेरीपत्रक पाहता, प्रतिवर्षी फाल्गुनात आठ दिवस ती दुसऱ्याने वाजवलेली आढळते. म्हणजे बावीस वर्षांत योहानने सलग असे एकही वर्ष भरले नाही. सबब तो मोहरगावचा झाला नाही, आणि त्याची बायकोही झाली नाही."

"वाहवा!" गमलिएलभाऊ म्हणाले. पलीकडे मोशेंनीही मान डोलावली आणि मग ती आवरली. मोशे हे पूर्वी दवाखान्यात कंपाउंडर होते. मोजूनमापून केलेल्या कामाची त्यांना किंमत होती.

राहेलबाईंनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. "गमलिएल हाय का रं तिकडं?"

"आहे, आजी. कारभारी म्हणून आहे."

"ते आठ दिस योहान तुमच्याच गव्हाच्या कापणीला यायचा. तुझा बाप घंटेवरनं उतरवून न्यायचा त्याला. मजुरी मागितली तर म्हणायचा, देवळाची घंटा काय आन् माझा गहू काय, सगळं प्रभूचंच."

टाकेवणच्या काठावर एकाला खोकला आला आणि तो लवकर थांबेना.

"हा मुद्दा विषयाला सोडून आहे," गमलिएलभाऊ म्हणाले.

मीही तसेच लिहिले : मुद्दा विषयाला सोडून.

"आता उरला जन्म," मी म्हणालो. जन्माच्या कसोटीवर माझा विशेष लोभ होता. इतरांना गाव बापाकडून मिळते. मला ते वहीतून मिळाले होते. मी मिशनच्या बोर्डिंगात वाढलो. आईचे नाव कोणास ठाऊक नव्हते. बाप्तिस्म्याच्या वहीत एकसष्टाव्या ओळीत लिहिले होते, "एलिशा. आई मृत. जन्म मोहरगाव." त्यावरून मला मोहरगावकर हे आडनाव देण्यात आले, आणि सही करताना मी ते पूर्ण लिहीत असे.

"राहेलबाई, तुमचा जन्म कुठला?"

"टाकेवणचा."

"नोंद व्हावी," मी म्हणालो, आणि बसलो.

मोशे उठले. "एक प्रश्न. आजी, तुमचा जन्म टाकेवणला झाला हे तुम्हांला कोणी सांगितलं?"

"आईनं. आणखी कोण सांगणार?"

"ऐकीव!" मोशे साहेबांकडे वळले. "ऐकीव साक्ष आहे ही, साहेब. घेता येत नाही."

"जन्माविषयी जन्मणाऱ्याची साक्ष ऐकीवच असणार," मी म्हणालो.

"तर मग पाहिलेली आणा, मोहरगावकर! तुमचा नियम, तुमची कसोटी. आणा पाहिलेली."

गाडीत राहेलबाई हसू लागल्या. दात नसल्यामुळे ते हसू आधी खांद्यांतच दिसले.

"आरं, माझ्या जन्माच्या वेळी मी लहान होते. तुमच्या जन्माच्या वेळी मात्र मोठी होते. पाहिलेलंच पाहिजे असंल तर ते सांगते."

"सांगा की!" गमलिएलभाऊंनी पट्टा सरळ केला. "माझ्यापासूनच सुरुवात करा, आजी. चार पिढ्या मोहरगावात आहोत आम्ही. होऊन जाऊ दे नोंद."

"पिढ्या मोहरगावात. तू टाकेवणात."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? तुझी आई टाकेवणची लेक. पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण कुठं होतं रं, सासरी का माहेरी? सातव्या महिन्यात बाप येऊन घेऊन गेला तिला. विहिरीजवळच्या घरात झालास. पायाळू होतास, आधी पाय आले, मग उरलेला तू. तवा तुझं नाव गमलिएल नव्हतं, गणपा होतं. आन् दोन दिस कुणाला वाटलं नव्हतं जगशील म्हणून."

टाकेवणच्या काठावर टाळी वाजली. ती दाविद पाटोळे यांनी वाजवली होती; आमचे पाहून टाकेवणनेही त्यांना कारभारी नेमले होते.

"कोण, दाविद? तुझी आई तर मोहरगावची. मास्तरांच्या वाड्यालगत. पाऊस होता आन् दिवा सारखा विझत होता. तूबी पहिलाच."

दाविदांनी हात खाली घेतले.

"मी दुसरा आहे!" मोशे एकदम म्हणाले. "माझ्याआधी बहीण आहे. तिचं काय ते असेल, मी सासरचा आहे!"

"तुझ्या आईला सासू नव्हती, लेकरा. बाळंतिणीचं करायचं कुणी? दोन्ही बाळंतपणं माहेरीच झाली. मोहरगावला. घंटेचा आवाज ऐकतच आलास तू."

त्या पुढे एकेकाचे नाव घेत गेल्या, आणि मी लिहीत गेलो, कारण लिहिणे थांबवावे असा ठराव झाला नव्हता. मोहरगाव आणि टाकेवण यांच्यात पिढ्यान् पिढ्या सोयरीक होती. इकडच्या लेकी तिकडे, तिकडच्या इकडे. त्यामुळे आमच्या पाच पंचांपैकी चार टाकेवणचे निघाले, आणि त्यांच्या पाचांपैकी तीन आमचे. विलायतेच्या नियमात लेक बाळंतपणाला कुठे जाते याचा विचार नव्हता. माझ्या अकरा पानांत माहेर हा शब्द एकदाही आलेला नव्हता. काठांवर बसलेल्या प्रत्येकाला तो घरून आठवायला हवा होता. मला आठवण करून देणारे कोणी नव्हते.

बहिरू गाडीवरून खाली उतरला. "साहेब, एवढे एका गाडीत न्हाईत मावायचे. दुसरी सांगावी लागंल."

"आणि हा?" मोशेंचा आवाज चढला होता. त्यांनी माझ्याकडे बोट केले. "ज्याने ही अकरा पाने खरडली, तो कुठला? सगळ्यांचं निघालं, याचंही निघू द्या. सांगा, आजी!"

माझ्या टाकाची कुरकुर जिकडून येत होती तिकडे राहेलबाईंनी तोंड केले. मी टाक थांबवला.

"एलिशा? तो मोहरगावचा."

"ऐकीव की पाहिलेलं?"

"माझ्याच हातात आला."

"इकडे का तिकडे?"

"घंटेच्या अंगाला."

"शपथेवर?"

"हात अजून शास्त्रावरच हाय माझा, मोशे. तूच उचलायला न्हाई सांगितलंस."

साहेबांनी चष्मा काढला. "माझ्या आजोबांना हे प्रश्न कोणी विचारले नाहीत," ते म्हणाले. "त्यांच्या गावची सुईण कधी सभेला आली नसावी. आता आपणापैकी कोणाला नियम पुढे चालवावयाचा आहे काय? असल्यास त्याने गाडीत बसावे."

मग गमलिएलभाऊंनी एक ठराव मांडला, आणि तो मी सुचवल्याशिवाय त्यांना सुचला, हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. ठराव असा : जन्माचा नियम हा अतिशय उत्तम असून तो यापूर्वी जन्मलेल्या कोणासही लागू नाही. दाविदांनी अनुमोदन दिले. दोन्ही मंडळ्यांचे आजवर एकमत झालेले नव्हते. या ठरावावर एकही हात खाली राहिला नाही. राहेलबाईंचे खोपट आणि ज्वारी मोहरगावात पूर्ववत चालावी, असेही त्याच दमात ठरले. निघताना गमलिएलभाऊंनी पट्ट्याची घडी घालून ती सदऱ्याच्या आत ठेवली. बिल्ला पोटाशी टोचत असावा, कारण ते थोडे वाकून चालत होते.

त्यापुढचे इतिवृत्तात नाही.

पंच पुढे निघून गेले. मी गाडीच्या चाकाशेजारून चालत होतो. हरलो होतो, पण माझे मन प्रसन्न होते, आणि ती प्रसन्नता मला पोटात ठेववेना.

"आजी," मी म्हणालो, "निकाल तुमच्या बाजूने लागला, त्याबद्दल मी काही म्हणत नाही. पण एक गोष्ट सिद्ध झाली. मोहरगावच्या पंचांत खरा मोहरगावचा असा मी एकटाच आहे."

त्यांनी विचारले, "ते टेबल कुठं मांडलं होतं रं?"

"ओढ्यात. पांढऱ्या दगडापाशी."

"आन् तू कुठल्या अंगाला होतास?"

"टाकेवणच्या. बाभळीची सावली तिकडे होती."

"मग बरोबर तिथंच."

"काय तिथंच?"

"तुझी आई."

बहिरूने वळून पाहिले आणि पुन्हा तोंड फिरवले. गाडी चालत राहिली.

"पलेगाचं साल होतं," राहेलबाई म्हणाल्या. "कोण कुठली, कुणाला ठाऊक न्हाई. दिस भरले होते. टाकेवणच्या लोकांनी भाकरी दिली हातावर आन् म्हणले, चल बाई, तुला शिवेपत्तोर पोचवतो. शीव लागली तशी त्यांनी सोडली. तिनं काही ती ओलांडली न्हाई. बसली बाभळीखाली. मला सांगावा आला तवर उशीर झाला होता. तू आधीच झाला होतास, ती जायच्या बेतात होती. तुला पदरात घेतला आन् ओढा ओलांडला. तवाच्या साहेबानं विचारलं, कुठं जन्मला? बोर्डिंगात मोहरगावचीच पोरं घेत होते. म्या म्हणलं, मोहरगाव."

"म्हणजे एकसष्टावी ओळ खोटी आहे?"

"कुठली वळ?"

"वहीतली. आणि आज... आज तुमचा हात शास्त्रावर होता, आजी. तुम्ही म्हणालात, माझ्याच हातात आला."

"म्हणले. दोनदा खोटं बोलले. तवा एकदा, आज एकदा."

"पण आज खरं सांगितलं असतंत तर तुमचं काहीच बिघडणार नव्हतं!"

"माझं न्हाई. सगळ्यांना आया होत्या, बाप होते. ते हसून मोकळे झाले. तुझ्यापाशी त्या वहीबिगर काय हाय? मोशेनं तुला दर रविवारी टाकेवणला धाडला असता."

खोपट आले. बहिरूने बैल थांबवले. मी त्यांना हात देऊन खाली उतरवले, गाठोडे आत नेऊन ठेवले. त्यांनी दाराची चौकट चाचपली, भिंत चाचपली, पाण्याची घागर जागेवर आहे याची खात्री केली. सोमवारपासून त्या घागरीत पाणी भरलेले नव्हते. मी ती उचलली, दाराशी आलो, आणि तिथेच थांबलो. एक मुद्दा अनिर्णित राहिला होता, आणि मला तो तसा ठेवता येईना.

"मग आजी," मी विचारले, "मी कोणत्या गावचा?"

"अकरा पानं लिहिलीस," राहेलबाई म्हणाल्या, "मला तीनदा गाडीत घातलंस, आन् अजून तुला हेच विचारायचं सुचतंय? मूर्ख हायस तू, एलिशा."